उसवण नंबर चारशे अठरा

टाकेबाई जन्मापासून हट्टी नव्हत्या. हट्ट त्यांना शर्टाच्या कारखान्यानं शिकवला. तिथं एकोणीस वर्षं त्या शेवटच्या टेबलावर बसल्या. शिवून आलेला शर्ट समोर आला की तो उलटा करायचा, डोळे मिटायचे आणि काखेपासून मनगटापर्यंत शिवणीवरून बोट फिरवायचं, एवढंच काम. पण एक टाका जरी सुटलेला लागला, तरी शर्ट परत. शिवणाऱ्या बायका त्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. "अहो, एका टाक्यानं काय आभाळ कोसळतंय?" बाई म्हणायच्या, "आभाळ नाही, बाही कोसळेल. आणि घालणारा काही माझा मामेभाऊ नाही, सांभाळून घ्यायला."

पास झालेल्या प्रत्येक शर्टाच्या खिशात त्या एक बोटभर चिठ्ठी घालायच्या, 'तपासणारी नंबर १४' अशी. लोक नवा शर्ट घालताना ती चिठ्ठी बघतसुद्धा नाहीत, चुरगळून टाकतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी चिठ्ठी सरळ दुमडलेली लागायची. टाकेबाई हे नाव तिथंच पडलं आणि असं चिकटलं की खरं नाव फक्त कागदपत्रांत उरलं.

मग कारखाना बंद पडला. आता तुम्ही म्हणाल, शर्ट तपासणारी बाई व्हिडिओ गेमच्या कंपनीत काय करायला गेली? तर त्या कंपनीला बारीक नजरेची माणसं हवी होती, आणि जाहिरातीत वयाबद्दल एक अक्षर नव्हतं. मुलाखतीला बाईंना एका खोलीत बसवलं, समोर एक गेम लावला आणि दहा मिनिटांत दिसतील तेवढ्या चुका सांगा म्हणाले. बाईंनी अकरा सांगितल्या. दहा गेममधल्या आणि अकरावी खुर्चीची. "डाव्या हाताचा स्क्रू ढिला आहे, कुणीतरी पडेल," म्हणाल्या. नोकरी बहुतेक त्या अकराव्या चुकीमुळेच लागली.

काम तेच होतं, कापड तेवढं बदललं. ऑफिसात सगळे चुकीला बग म्हणायचे, बाई उसवण म्हणायच्या. गेममधल्या माणसाचा उजवा खांदा भिंतीला लावायचा आणि अख्खी इमारत तशीच घासत फिरायची. मग डावा खांदा लावून पुन्हा. जिथं दोन भिंती नीट जुळलेल्या नसतील तिथं तो माणूस फटीतून खाली पडायचा, आणि बाई "सापडली गं बाई!" म्हणून मांडीवर थाप मारायच्या. शेजारच्या टेबलावरच्या पोरांना आधी हसू यायचं. दोन वर्षांत तीच पोरं अडलं की "टाकेबाई, जरा बघता का?" म्हणून यायला लागली. एसी इतका गार असायचा की बाईंनी घरून एक जाड उशी आणून खुर्चीवर ठेवली होती, आणि त्या उशीवर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना खपायचं नाही.

तर अशात एक दिवस साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, की जहाजाच्या पिक्चरांवर गेम करायचं काम आपल्याला मिळालंय. बाई आनंदानं खुर्चीतून उठून उभ्याच राहिल्या.

जहाजाचे पिक्चर म्हणजे ताऱ्यांमध्ये वाट चुकलेल्या एका जहाजाची पाच भागांची गोष्ट. एक कप्तान आणि त्याची धाकटी बहीण, दोघंच उरलेली, परतीचा रस्ता शोधतायत. पाचव्या भागाच्या शेवटी ती दोघं जहाजाच्या अगदी आतल्या दारापाशी पोचतात. दारासमोर दोन पायऱ्या असतात, दोघांनी एकाच वेळी एकेका पायरीवर उभं राहिलं तरच ते उघडतं. दोघं उभी राहतात, दार हलतं, आणि पिक्चर संपतो. त्याला अकरा वर्षं झाली, सहावा भाग काही आला नाही. दाराच्या आत काय, यावर लोक अजून भांडतात.

आणि भांडणाऱ्यांत पहिला नंबर बाईंच्या दादाचा. दादा चौतीस वर्षं एका थिएटरात ऑपरेटर होता. ते पाचही भाग त्यानंच लोकांना दाखवले, वरच्या केबिनमध्ये उभं राहून, मशीनच्या घरघरीत. पिक्चर संपला की लोक उठायचे, खालून मालक ओरडायचा, "अरे, दिवे लाव, दिवे!" दादा लावायचा नाही. शेवटची नावं वर सरकत असायची, सुतार, रंगारी, गाडीवाले, चहा देणारा, आणि ती संपेपर्यंत दादा अंधार ठेवायचा. मालकानं दोनदा दम दिला. दादा म्हणाला, "साहेब, ज्यांनी राबून केलंय त्यांची नावं आहेत ही. ती पडद्यावरून गेल्याशिवाय पिक्चर संपत नाही." हट्ट एकट्या टाकेबाईंच्याच वाट्याला आला होता असं नाही, दादालाही त्याच्या कामानं तो शिकवला होता.

आता दादाला कंपवात झाला होता. दोन्ही हात थरथरायचे. थिएटरही राहिलं नव्हतं. दादा, वहिनी आणि समोरच्या खोलीत टाकेबाई, असं त्यांचं तिसऱ्या मजल्यावरचं घर. गेमचं काही घरी सांगायचं नाही अशी कंपनीनं सही घेतली होती, आणि बाई दिलेला शब्द मोडत नसत. पण एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती न सांगणं त्यांना जमलंच नाही. "दादा, गेमलासुद्धा शेवटी नावं येतात. माझं येणार आहे."

दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग दुसऱ्या दिवशी न्हाव्यापासून डॉक्टरच्या कंपाउंडरपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळा झाला. "चौतीस वर्षं लोकांची नावं दाखवली. आता आपल्या घरातलं एक येतंय."

इकडे गेमचं म्हणाल तर नाव मोठं आणि लक्षण खोटं. करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी पिक्चर बघितलेच नव्हते, वेळच नव्हता. तारीख आधी ठरली होती, गावभर पोस्टर लागली होती, 'ते दार आता तुम्ही उघडा!' म्हणून, आणि जहाज अजून अर्धंच होतं. एकच बोळ अकरा ठिकाणी चिकटवला, कुठं हिरवा दिवा, कुठं लाल. कप्तान चालायचा असा की त्याला कुणी संडासचा रस्ता दाखवावा. मोठ्या साहेबांना ऑफिसात सगळे तारीखसाहेब म्हणायचे, कारण माणूस कुठल्याही प्रश्नाला तारखेनं उत्तर द्यायचा. दार अडकतंय? एकवीस दिवस राहिले. आवाज येत नाही? एकवीस दिवस राहिले. माणूस वाईट नव्हता, पण तारखेपलीकडचं त्याला दिसतच नव्हतं.

घाई एवढी, की सगळे उडीचं बटण वापरायचे. गेमचे बारा टप्पे. ज्याला दहावा तपासायचाय तो बटण दाबून थेट दहाव्यात उडी मारायचा. पहिल्यापासून बाराव्यापर्यंत पायी चालत गेलेला माणूस त्या ऑफिसात एकही नव्हता. टाकेबाई गेल्या.

त्या गेल्या तेही त्यांच्या पद्धतीनं. कारखान्यात मोठ्या मापाचा शर्ट तपासताना त्या जाड माणूस वाकला तर काय होईल याचा विचार करायच्या. तसं इथं त्यांनी ठरवलं की आपण दादासारखं खेळायचं. हात मुद्दाम सैल ठेवायचा, चुकीची बटणं दाबली जाऊ द्यायची, सावकाश जायचं आणि दादा जिथं जिथं थांबेल तिथं थांबायचं. तिसऱ्या टप्प्यात जिना होता आणि जिन्यावर ती गोल खिडकी. दुसऱ्या भागात कप्तान त्या खिडकीपाशी उभा राहतो, कुणी बोलत नाही, नुसते तारे. दादा सांगायचा, की तेवढ्या वेळात अख्ख्या थिएटरात खोकल्याचासुद्धा आवाज यायचा नाही. बाई थांबल्या. कप्तान थांबला. मागून धाकटी आली आणि तीही शेजारी उभी राहून बाहेर बघायला लागली. बाईंना बरं वाटलं. मग बाई पुढं निघाल्या.

धाकटी निघाली नाही. ती खिडकीपाशीच राहिली.

गंमत बघा, हे कुणाला कळणारच नव्हतं. कारण चौथ्यापासून अकराव्या टप्प्यापर्यंत कप्तान एकटाच असतो आणि धाकटीचा नुसता आवाज येतो, यंत्रातून, आधीच भरून ठेवलेला. "दादा, मी इकडून येतेय," म्हणत असते ती, आणि असते खिडकीपाशी. बाराव्या टप्प्यात बाई दारापाशी पोचल्या, आपल्या पायरीवर उभ्या राहिल्या. दुसरी पायरी रिकामी. दार उघडेना. दोन तास उभ्या राहिल्या तरी उघडेना. उडी मारून बाराव्यात येणाऱ्यांच्या शेजारी मशीन आपोआप धाकटीला उभं करायचं, म्हणून त्यांचं दार रोज उघडत होतं.

बाईंनी चुकांच्या यादीत लिहिलं. उसवण नंबर चारशे अठरा. जिन्यावरच्या खिडकीपाशी थांबल्यास बहीण मागे राहते, शेवटचे दार उघडत नाही, गेम पूर्ण होत नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं, 'असंच अपेक्षित आहे', आणि यादीतून चारशे अठरा बंद. बाईंनी पुन्हा उघडला. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा उघडला, तेव्हा तारीखसाहेब स्वतः टेबलापाशी आले.

"टाकेबाई, तिथं खिडकीपाशी काहीच करायचं नाहीये. ना काही मिळतं, ना कुणाला मारायचंय. कोण थांबणार तिथं?"

"ज्यानं पिक्चर बघितलाय तो प्रत्येक जण थांबणार, साहेब."

"आम्ही सगळे खेळलो, एकही जण थांबला नाही."

"तुमच्यातल्या किती जणांनी बघितलाय?"

साहेबांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "नऊ दिवस राहिलेत," म्हणाले आणि गेले. पालथ्या घड्यावर पाणी!

मग आला फॉर्म. गेम बाहेर जायच्या आधी मुख्य तपासणाऱ्यानं, म्हणजे बाईंनी, त्यावर सही करायची असते. वर एकच वाक्य: 'हा गेम मी पहिल्या टप्प्यापासून शेवटच्या टप्प्यापर्यंत सलग खेळून पूर्ण केला असून तो बाजारात जाण्यास योग्य आहे.' तारीखसाहेबांनी केबिनमध्ये बोलावून बाईंना खुर्ची दिली, पाणी दिलं, पेनही उघडून दिलं. बाईंनी वाक्य वाचलं, पेनाला टोपण लावलं आणि टेबलावर ठेवलं.

"मी पूर्ण केलेला नाही. मी दाराबाहेर उभी आहे, अजून."

"अहो, ती नुसती रीत आहे. कोण वाचतंय तो फॉर्म?"

"साहेब, मी एकोणीस वर्षं शर्टाच्या खिशात चिठ्ठी घातली. कुणी वाचली नाही. पण शर्ट उसवला ना, की लोक सगळं घर पालथं घालून ती चिठ्ठी शोधतात."

साहेबांनी आवाज खाली घेतला. "सही करणाऱ्याचं नाव शेवटच्या यादीत सगळ्यात आधी, एकटं, मोठ्या अक्षरात येतं. 'मुख्य तपासणीस' म्हणून. सही नसेल तर नावच घालता येत नाही, नियम आहे. तुमचे बंधू वाट बघतायत म्हणे. त्यांना किती बरं वाटेल, विचार करा."

इथं मात्र बाईंचं डोकं फिरलं. ऑफिसातल्या पोरांपैकी कुणीतरी कौतुकानं सांगितलं असणार आणि साहेबांनी ते खुंटीला टांगून ठेवलं होतं, वेळेला काढायला. खरं सांगायचं तर त्या क्षणी बाईंना ते नाव दिसलं. टीव्हीवर, एकटं, मोठं. आणि समोर दादा. हात पेनापर्यंत गेलाही असता. पण त्यांना हेही दिसलं, की दादा खिडकीपाशी थांबणार आणि दाराशी अडकणार, आणि तो अडकणार त्यांच्याच सहीनं.

"माझ्या भावाला मध्ये आणायचं काम नाही," त्या उठल्या. "नाव काढा माझं. खोट्या टाक्यावर माझी चिठ्ठी लागणार नाही."

"मग तुमचं कंत्राट पुढं चालू ठेवणं मला अवघड जाईल, बाई."

"तुम्हाला सोपं जावं म्हणून मी नोकरीला लागले नव्हते."

बाईंच्या जागी त्यांच्या हाताखालच्या एका चष्मेवाल्या पोरानं सही केली. नुकतं बाळ झालेलं होतं त्याला, बाईंनी त्याचा राग धरला नाही. तो मात्र त्या दिवशी वर मान करून बघेना. बाईंनी जायच्या आधी मशीनवर चारशे अठरा चौथ्यांदा उघडला, तसाच उघडा ठेवला आणि उशी काखेत मारून बाहेर पडल्या.

घरी दारात वहिनी उभ्या होत्या. त्यांनी आधी उशीकडे बघितलं, मग बाईंकडे. "उशी घरी आली," एवढंच म्हणाल्या.

"दादाला सांगू नकोस, वहिनी. काम संपलं म्हणून सुट्टी आहे म्हणून सांग."

"आणि नाव?"

बाईंनी उशी वहिनींच्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. आयुष्यात त्या दादाशी पहिल्यांदाच खोटं बोलत होत्या.

आठवड्यानं, ठरल्या तारखेला, गेम बाजारात आला. पेपरांत पहिल्याच दिवशी बोंब उठली, की पिक्चरची पार माती केली. न्हावी येऊन सांगून गेला, कंपाउंडरनं फोन केला. दादा म्हणाला, "करू देत. मी नावापर्यंत जाणार." थरथरणारे हात टेकवायला वहिनींनी टाकेबाईंची ती उशी त्याच्या मांडीवर ठेवली, उशीवर रिमोट, आणि रोज दुपारी जेवणानंतर दादाचा खेळ सुरू व्हायचा.

बाई शेजारी बसायच्या. बसणं भाग होतं आणि बसवतही नव्हतं. दादाला पिक्चर पाठ, त्यामुळे त्याचं तोंड काही बंद राहायचं नाही. "अगं, इथं डाव्या हाताला पाईप होता! कुठं गेला?" "हा बोळ मघाशी झाला की. आता पुन्हा?" "कप्तानाला काय झालंय गं, बूट चावतोय का?" एका साध्या उडीला त्याला दोन दुपारी लागल्या. कप्तान त्याच खड्ड्यात छत्तीस वेळा पडला, आणि छत्तिसाव्या वेळी दादा म्हणाला, "पड लेका, मला काही घाई नाही."

चौथ्या दुपारी जिना आला.

दादा खिडकीपाशी थांबला. 'दादा, पुढं चल' हे बाईंच्या ओठांवर आलं होतं. एवढे तीन शब्द बोलल्या असत्या तर धाकटी बरोबर आली असती, दार उघडलं असतं. पण दार उघडलं की नावं, आणि नावांत आपलं नाही. एक भीती ती होती. आणि ती नसती तरी, चौतीस वर्षं ज्या खिडकीसाठी हा माणूस केबिनमध्ये श्वास रोखून उभा राहिला, तिथून त्याला हाताला धरून ओढायचं कसं? बाई ओठ मिटून बसल्या. धाकटी आली, शेजारी उभी राहिली. गेममधले तारे म्हणजे नुसते ठिपके होते, हलतसुद्धा नव्हते. तरी दादानं चांगली नऊ मिनिटं बघितलं.

"बरोबर नाही झालं," तो शेवटी म्हणाला. "पण थांबायला जागा ठेवलीय, हे बरं केलं." आणि पुढं गेला.

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथं ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

पुढं बारा दुपारी गेल्या. मधून मधून धाकटीचा आवाज यायचा, "दादा, मी इकडून येतेय," आणि दादा टीव्हीला म्हणायचा, "ये ये, सावकाश ये." सोळाव्या दुपारी तो दारापाशी पोचला. त्यानं वहिनींना हाक मारली, चांगला शर्ट घातला, केस विंचरले. मग कप्तानाला पायरीवर उभं केलं. दुसरी पायरी रिकामी. तो थांबला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वहिनी एकदा दाराकडे बघत होत्या, एकदा टाकेबाईंकडे.

"येईल," दादा म्हणाला. "लांबून येतेय ती."

आता बाईंना राहवेना. "दादा, ती येणार नाही."

"का?"

"ती खिडकीपाशी आहे. आपण तिथं थांबलो ना, तेव्हापासून. ही उसवण आहे. मी लिहून दिली होती, चार वेळा. जो तिथं थांबतो त्याचं दार उघडत नाही. जो न थांबता पळत जातो त्याचं उघडतं."

दादानं रिमोट उशीवर ठेवला. "मग दाराच्या आत काय आहे? आता सांग. आता काय राहिलंय लपवायला?"

"काही नाही रे. पांढरा उजेड. आणि नावं."

"बास?"

"बास."

अकरा वर्षं! दादा काही क्षण बंद दाराकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि नावांत तू?"

बाईंनी सगळं सांगितलं. फॉर्म, पेन, मोठं अक्षर, तारीखसाहेबांनी काढलेलं त्याचं नाव, उशी घरी कशी आली ते. सांगताना त्या खाली बघत होत्या. "सगळ्यांना सांगून बसलास तू, दादा. माझ्यामुळं तुझं हसं होणार. पण मला ती सही करवेना."

दादाच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं. बाईंना आधी वाटलं, रडतोय. तो हसत होता.

"म्हणजे बघ," त्याला बोलता येईना, "ज्यांनी सह्या केल्या, त्यांची नावं आत. पिक्चरवर जीव असलेली सगळी माणसं बाहेर अडकलेली. आणि जे पळत आत गेले, ते कधी नावं बघतात का? ते तर उठून चालायला लागतात! अगं वेडे, त्यांची नावं कुणी बघितलीच नाहीत!" हसता हसता त्याला खोकला आला, वहिनींनी पाठ चोळली.

"पुन्हा पहिल्यापासून खेळायचं का?" बाईंनी विचारलं. "खिडकीपाशी न थांबता गेलास तर उघडेल."

"न थांबता?" दादाचं हसू थांबलं. "त्यांच्या पांढऱ्या उजेडासाठी मी खिडकी सोडू? राहू दे बंद. उघडलं नाही म्हणून काही अडलं नाही माझं."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. तारीखसाहेब. बाईंनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. साहेबांचा आवाज पार उतरलेला होता. जगभरातून लोक त्या खिडकीबद्दल लिहीत होते, शिव्या देत होते, वरच्यांनी यादी उघडून बघितली तर चारशे अठरा उघडाच सापडला. आता दुरुस्ती केलीय, दोन दिवसांत बाहेर काढायचीय, तुमची सही असली तर लोक विश्वास ठेवतील. तुमचं नाव सगळ्यात आधी घालतो, टाकेबाई, एकटं.

बाईंनी दादाकडे बघितलं.

"साहेब, दोन दिवसांत नाही होणार," बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही पाचही पिक्चर बघा. मग मी येईन, माझी उशी घेऊन, आणि पहिल्यापासून बाराव्यापर्यंत पायी जाईन. मला सोळा दिवस लागतील. दार उघडलं तर सही, नाही तर नाही. आणि आत काहीतरी ठेवा, नुसता उजेड चालणार नाही. ती उसवण मी चारशे एकोणीस म्हणून लिहिणार आहे."

"बाई, तारीख..."

"तारीख तुमची, सही माझी." त्यांनी फोन ठेवला.

दादानं वहिनींकडे कागद मागितला. वहिनींनी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरचं पान दिलं. मागच्या कोऱ्या बाजूवर, उशीवर टेकून, तो लिहायला लागला. एकेक अक्षर काढायला त्याला वेळ लागत होता, काना एकीकडे जायचा, वेलांटी दुसरीकडे. बाई मदतीला वाकल्या तर त्यानं कोपरानं ढकललं. वर लिहिलं, 'तपासणारी नंबर १४'. खाली बाईंचं पूर्ण नाव, कागदपत्रांतलं, जे कैक वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. मग भिंतीला धरत धरत तो उठला आणि त्यानं तो कागद चिकटपट्टीनं टीव्हीवर लावला, बरोबर त्या बंद दारावर. परत येऊन खुर्चीत बसला.

बाहेर संध्याकाळ झाली होती, खोलीत अंधारायला लागलं होतं. टीव्हीच्या उजेडात कागद मागून उजळला होता आणि वाकडी अक्षरं स्पष्ट दिसत होती. टाकेबाई तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. वहिनी सवयीनं उठल्या आणि त्यांनी बटणाकडे हात नेला.

"दिवे लावू नकोस," दादा म्हणाला. "अजून नाव चालू आहे."